बापूंच्या फळीवरचा नारळ

बापूंच्या किराणा दुकानात समोरच्या फळीवर कायम काहीतरी विचित्र मांडलेलं असे. दोन सुपाऱ्या, एक लिंबू, साबणाची अर्धी वडी. नवखं गिऱ्हाईक हात लावायला गेलं की बापू खेकसत, "ठेव ते खाली. तो निरोप हाय."

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीतल्या आमच्या आळीत फोन एकट्या बापूंकडे. माझं शिवणाचं दुकान शेजारीच, त्यामुळे ती घंटा मीही दिवसभर ऐकली. तांदळाचे भाव, घाटात अडकलेला तेलाचा ट्रक, गणपतीपुळ्याच्या खानावळवाल्याची मागणी, आणि वर मुंबईला गेलेल्या अर्ध्या आळीचे निरोप. सगळं एका डोक्यात. लिहून ठेवा म्हटलं तर म्हणत, "वही उघडावी लागते रे. वस्तू समोर दिसते." सुपारी म्हणजे साधा निरोप, लिंबू म्हणजे मागणी, नारळ म्हणजे तातडीचं. काम झालं की वस्तू परत पोत्यात. माणूस हेकट, पण कुणाचा निरोप त्यांनी कधी बुडवला नव्हता.

गणपतीच्या आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळीच मुंबईहून फोन आला: आळीतल्या इंदूवहिनीच्या नवऱ्याला इथे इस्पितळात ठेवलंय, तिला मिळेल त्या एसटीने पाठवा. गर्दी जरा ओसरली की जाऊ, म्हणून बापूंनी फळीवर नारळ ठेवला. लगेच गुळाच्या भावाचा फोन. तो चालू असतानाच एका बाईने पाच नारळ मागितले. बापूंनी चार पोत्यातून काढून दिले आणि पाचवा समोरच्या फळीवरचा. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

संध्याकाळी पुन्हा मुंबई. "ती निघाली का? तो गेला."

बापू रिकाम्या फळीकडे बघतच राहिले. मग चपला न घालता इंदूवहिनीच्या घरी गेले.

त्यानंतर फोन आला की ते दुकानाचं दार ओढून निरोप द्यायला निघत. "गिऱ्हाईक थांबेल, निरोप नाय थांबत." गिऱ्हाईक काही थांबलं नाही. हळूहळू ते नाक्यावरच्या नव्या दुकानात जाऊ लागलं. बापूंच्या फळीवर मात्र एक नारळ कायमचा बसला.

वर्षभराने इंदूवहिनी सामानाला आली आणि तिने तोच नारळ मागितला.

"तो विकायचा नाय," बापू म्हणाले. "तो तुझा हाय गो."

तिने पुढे केलेला हात मागे घेतला. "आता घेऊन काय करू, बापू?" म्हणाली, आणि मीठ घेऊन गेली. मला बापूंचा राग कधी आला नाही. तिला आला नसेल, असं मात्र मी म्हणणार नाही.

बापू गेल्यावर दुकान आवरायला मीच होतो. नारळ उचलला तर आत खडखडला. पाणी केव्हाच आटलं होतं. मी तो होता तिथेच ठेवला.