राहून गेलेली मूळ संख्या

छापखान्यात तिला सगळे भिंगताई म्हणत. चौतीस वर्षं तिने मुद्रितं तपासली, आणि तीही कथा-कादंबऱ्यांची नव्हे. टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या, वेळापत्रकं, अभियंत्यांची कोष्टकं! ज्या पानांकडे बघूनच बाकीच्यांचे डोळे फिरत, ती पानं हिच्या टेबलावर यायची. "अक्षर चुकलं तर वाचणारा सांभाळून घेतो," ती म्हणायची, "आकडा चुकला तर माणूस भलत्याच्याच घरी फोन लावतो."

निवृत्त झाली आणि तिचे हात शिवशिवायला लागले. औषधांची खोकी, मिक्सरची माहितीपुस्तिका, समोरच्या शिंप्याची पाटी, दिसेल तिथे ती चुका काढू लागली. नवरा रंगारी, साऱ्या गावाच्या भिंती रंगवून थकलेला. एकदा जेवताना तो म्हणाला, "आता माझ्या बोलण्यातल्या वेलांट्या दुरुस्त करू नकोस म्हणजे मिळवली."

शेवटी सुनेनेच तोड काढली. सून कॉलेजात गणित शिकवायची. तिने सासूला कॉम्प्युटरसमोर बसवलं.

"आई, मूळ संख्या म्हणजे माहितीये ना? एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही ती. पाच, सात, अकरा. लहान आहेत तोवर ठीक, पण मोठ्या शोधायच्या तर एका यंत्राचं काम नाही. म्हणून हजारो हौशी लोकांनी आपापले कॉम्प्युटर एका कामाला जुंपलेत. यंत्र रिकामं असलं की एक संख्या तपासायला घेतं आणि निकाल मुख्य यंत्राकडे धाडतं. बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच येतं. वर्षा-दोन वर्षांत एखादी सापडते."

"आणि सापडली तर काय मिळतं?"

"यादीत नाव."

"बास?"

"बास."

हे भिंगताईला फार आवडलं. तिने ती यादी उघडली आणि तासाभरात अकरा चुका काढल्या. कुठे तारीख उलटी, कुठे अंकांची संख्या एकाने कमी, कुठे एकाच्या नावावर दुसऱ्याचा शोध. प्रकल्प सांभाळणाऱ्या प्राध्यापकांना तिने नम्रपणे पत्र पाठवलं. उत्तर एका ओळीचं आलं: "आजपासून यादी तुमच्याकडे."

त्याला नऊ वर्षं झाली. नवी मूळ संख्या सापडली की भिंगताई शोधणाऱ्याला पत्र लिहायची, यंत्र कोणतं, किती दिवस चाललं, सगळं विचारून घ्यायची आणि खातरी झाल्याशिवाय यादीत एक अक्षर घालायची नाही. दातांचे डॉक्टर, शाळेच्या प्रयोगशाळेतले शिक्षक, बोटीवरचा एक स्वयंपाकी, अशी माणसं तिच्या ओळखीची झाली. पण एवढ्याने तिचं भागेना. शोध वर्षा-दोन वर्षांत एखादाच, मग एरवी वाचायचं काय? म्हणून दुपारचा चहा झाला की ती आलेल्या निकालांची कच्ची पानंही वाचत बसे. पानावर नुसत्या ओळी. संख्या, तारीख, यंत्राचा क्रमांक आणि शेवटी बाकी. आकडे आणि अक्षरं मिसळलेली, सोळा खुणांची लांबलचक बाकी. ही बाकी साध्या भागाकाराची नव्हे, मूळ संख्या ओळखायच्या खास कसोटीची; ती शून्य आली तर संख्या मूळ, आणि तसं झालं की मुख्य यंत्र प्राध्यापकांना तत्काळ ईमेल पाठवतं. त्यामुळे ती पानं डोळ्यांनी कुणीच वाचत नसे.

एका मंगळवारी दुपारी अशीच ती चार महिन्यांपूर्वीची राहिलेली पानं वाचत होती. नवरा खिडकीच्या चौकटीला रंगाचा हात देत होता. एका ओळीच्या शेवटी तिची नजर अडखळली. तिथे सोळाच्या सोळा शून्यं होती.

पहिल्यांदा तिला वाटलं, छपाई सुटली. मग आठवलं, इथे छपाई नाहीच.

"अहो, जरा इकडे या. हे काय दिसतंय?"

नवरा ब्रश घेऊनच आला. "शून्य. शून्य. शून्य. अजून सांगू?"

तिने प्राध्यापकांना फोन लावला. पलीकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. त्या महिन्यात त्यांचा ईमेलचा पत्ता बदलला होता आणि मुख्य यंत्र बिचारं बंद पडलेल्या पत्त्यावर आनंदाची बातमी पाठवून मोकळं झालं होतं.

"काखेत कळसा आणि चार महिने वळसा," ते म्हणाले. "पण ताई, इतक्यात पेढे नकोत. यंत्र बिघडलं तरी शून्यं येतात. दोन वेगळ्या यंत्रांवर पुन्हा तपासतो. सहा दिवस लागतील. तोवर त्या मालकाला गाठा, म्हणावं यंत्राला हात लावू नका."

मालक निघाला एक रोपवाटिकावाला.

"नमस्कार. तुमच्या कॉम्प्युटरला कदाचित फार मोठा शोध लागलाय," भिंगताई म्हणाली.

"अरे वा! आणि आता ओटीपी सांगू का?" फोन बंद.

तिने पुन्हा लावला. "या वयात शोभतं का, बाई?" पुन्हा बंद.

नवरा पोट धरून हसत होता. तिसऱ्यांदा तिने हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "मला तुमच्याकडून काही नको. नाव नको, नंबर नको. तेवढा तो कॉम्प्युटर बंद करू नका."

पलीकडून उत्तर आलं, "बंद कशाला करतोय? त्याच्यावर मिरचीचं बी घातलंय."

मग सगळा उलगडा झाला. भाचीने कधीतरी त्यांच्या कॉम्प्युटरवर तो प्रोग्रॅम बसवून दिला होता. यंत्र दिवसभर तापतं हे पाहून या गृहस्थांनी त्याच्यावर बियांचे ट्रे मांडले. ऊब लागून बी आठ दिवसांत तरारून वर येई. आत काय चाललंय याची त्यांना गंधवार्ताही नव्हती.

ते सहा दिवस भिंगताईने कसे काढले तिचं तिलाच ठाऊक. सून रोज कॉलेजातून फोन करायची, "आलं का?" सातव्या दिवशी सकाळी प्राध्यापकांचा फोन आला. "दोन्हीकडे शून्य," एवढंच ते म्हणाले. ती फोन घेऊनच नवऱ्याकडे धावली. तो समजायचं ते समजला आणि रंगाच्या हातांनीच तिचे हात धरून तिला गरागरा फिरवलं.

तिघांचं फोनवर एकत्र बोलणं झालं तेव्हा रोपवाटिकावाले मात्र अडून बसले. "ताई, नाव तुमचं घाला. मी तर फक्त मिरच्या केल्या."

"छे! पुस्तक लेखकाचं असतं. चूक काढणारीचं नाव कुणी छापतं का?"

"पण शोधाचा दिवस?" प्राध्यापक मध्ये म्हणाले. "आपला नियम आहे, यंत्राने सांगितलं तो दिवस धरायचा नाही, माणसाने पाहिलं तो धरायचा. त्या रकान्यात तुमचा मंगळवार येणार." तिने तारीख घातली, तीनदा तपासली.

संध्याकाळी रोपवाटिकेतून फोन आला. मागे गलबला चालला होता. "ताई, सगळी कामाची माणसं जमलीत. संख्या ऐकायचीये म्हणतात."

"अहो, एक कोटी नव्वद लाख अंक आहेत! रोज पाच तास वाचलं तरी तीन वर्षं लागतील."

"मग थोडीशी."

भिंगताईने चष्मा पुसला, संख्या पडद्यावर उघडली आणि वाचू लागली. चार, शून्य, सात, एक. गलबला थांबला. एकेक अंक ती स्वच्छ, घाई न करता उच्चारत होती. नवरा दारात टेकून ऐकत होता. शंभर झाले तेव्हा ती थांबली.

पलीकडून कुणा बाईचा आवाज आला, "थांबलात का? चांगलं चाललं होतं की!"

भिंगताई खुदकन हसली, पाण्याचा घोट घेतला आणि एकशे एकाव्या अंकावर बोट ठेवलं.