दोनदा मोजलेली मुलं

चष्मा काढायचा, काचेवर फुंकर मारायची आणि समोरच्याला विचारायचं, "शहरात येणार किती ते नंतर. आधी सांग, सोडून गेले किती?" टेक्ससमधल्या प्लेनोच्या आमच्या ऑफिसात नवीन आलेल्या प्रत्येकाची आमचे बॉस, म्हणजे सर, अशी परीक्षा घ्यायचे. मी त्यात सपशेल नापास झाले होते.

आमचा धंदा काय ते सांगते. अमेरिकेतली मोठी शहरं वीस वर्षांनी किती मोठी झालेली असतील, हे आज सांगायचं. पाण्याच्या लाइनी, शाळा, रस्ते, सगळं त्या आकड्यावर ठरतं. नागपूरला आई शेजारणींना सांगायची, "पोरगी तिकडे ज्योतिष बघते." सरांना हे सांगितलं तर उखडले. "ज्योतिषाला कोण जाब विचारतं? आपल्याला दहा वर्षांनी जनगणना विचारते!"

माणूस गोड होता. हे आत्ताच कबूल करून टाकते, कारण पुढे मी काही चांगलं बोलेन याची खात्री नाही. मला ड्रायव्हिंग त्यांनी शिकवलं, तेही स्वतःच्या नव्या कोऱ्या गाडीवर. मी ती कचऱ्याच्या डब्यावर घातली, तर खाली उतरून त्यांनी आधी डबा सरळ केला. थालीपीठ आणलं की अर्धं माझ्या टेबलावर. वर टोमणा, "दही पण आणलंय हो. पुण्याचं तिखट तुम्हा नागपूरवाल्यांना कुठलं झेपायला!" हे सावजी रश्श्यावर वाढलेल्या मला!

मग एका मोठ्या शहराचं काम आलं. नाव सांगत नाही, आज त्यांचाच पगार खाते. सगळे घरांची संख्या घेऊन घरटी सरासरी माणसांच्या आकड्याने गुणत होते. मी त्या शहरात शिकले होते. लीजवर दोन नावं, आत पाच जणं, आणि सहावा हॉलमध्ये हवेच्या गादीवर, हे मी स्वतः जगले होते. तीन वीकेंड अपार्टमेंटं पालथी घातली. दारं ठोठावली, दारातले बुटांचे जोड मोजले. माझा अंदाज सगळ्यांपेक्षा बराच वर गेला. सरांनी तो बघितला आणि "छान" म्हणाले.

शहराच्या लोकांसमोर मात्र हसत हसत म्हणाले, "ही आमच्या स्टुडंटची हौस आहे, सोडून द्या." सगळे हसले. मीही हसले, काय करणार? पुढच्याच महिन्यात मला केबिनमध्ये बोलावलं. "प्रोजेक्ट संपला गं, तुझी पोझिशन कॅन्सल केली." बोलताना नजर कीबोर्डवर. व्हिसावरच्या माणसाला याचा अर्थ कळतो. साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर बॅगा भरा.

मुदत संपायला नऊ दिवस उरले असताना मला त्याच शहराच्या नियोजन खात्यात नोकरी मिळाली. पहिल्याच आठवड्यात सरांचा रिपोर्ट टेबलावर येऊन पडला. माझा आलेख, माझी अपार्टमेंटं, माझे बुटांचे जोडसुद्धा! नाव फक्त त्यांचं. तळपायाची आग मस्तकात गेली.

काही तरी बदललं असेल म्हणून चार वेळा वाचला. एक अक्षर बदललं नव्हतं. त्या वाचनात मला माझीच चूक सापडली. विद्यापीठाच्या यादीतली सगळी मुलं मी अपार्टमेंटांत बसवली होती आणि वर हॉस्टेलचा आकडाही मिळवला होता. हॉस्टेलची मुलं दोनदा मोजली गेली होती. सरांनी ती चूकही जशीच्या तशी उचलली होती. मी कुणालाच सांगितलं नाही. एवढ्याने शहराचं काही अडत नाही, अशी स्वतःची समजूत घातली आणि रिपोर्टची फेरतपासणी यायची वाट बघत बसले. पाच वर्षं.

फेरतपासणीला सर आले तेव्हा केस पांढरे झाले होते. मला बघून भर सभागृहात मराठीत, "अगं, तू इथे? किती वाळलीस!" मी म्हटलं, "गुड मॉर्निंग, सर."

प्रश्न मी गाडीत घोकून आले होते. "सर, हॉस्टेलमधली मुलं दोनदा का मोजलीत?" माझा हिशोब सोपा होता. चूक स्वतःची म्हणाले तर मूर्ख ठरतील, माझी म्हणाले तर चोर. कसंही झालं तरी मी जिंकणार.

त्यांनी पानं उलटली. ते पान बराच वेळ वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. माइक जवळ ओढून म्हणाले, "चूक माझी. बाकी सगळा रिपोर्ट या बाईंचा आहे. त्यांचं नाव मी टाळलं होतं. आज घाला."

टाळ्या पडल्या. आमच्या खात्याच्या साहेबांनी माझा हात हातात घेतला. ती चूकही माझीच, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं "थँक यू".

पार्किंगमध्ये त्यांना गाठलं. "सर, ती चूक..."

"तुझी. आज कळलं. तेव्हा मी न वाचताच सही ठोकली होती."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सगळंच घेतलं होतं ना तुझं? मग तीही माझीच."

बदलासुद्धा धड घेऊ दिला नाही या माणसाने! "मी माफ केलेलं नाही," मी ओरडले.

"नकोच करू," म्हणाले आणि गाडी काढून गेले. आमच्या शहराचं काम त्यांच्या कंपनीला पुन्हा मिळालं नाही.

या उन्हाळ्यात सर वारले. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. मी नाही टाकला.

सुधारून छापलेल्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर आता माझं नाव आहे. शेवटच्या पानावर दुरुस्ती छापली आहे, चूक कुणाची तेही लिहिलं आहे, सरांच्या नावानिशी. ती ओळ बदलणं माझ्या हातात आहे, फाइल माझ्याकडेच असते. दोनदा उघडली. माझं नाव टाइप केलं की ते साठ दिवस आठवतात, आणि मी ते खोडते.

मागच्या आठवड्यात काकूंचा, त्यांच्या बायकोचा, फोन आला. "तुमच्या शहराचा तो रिपोर्ट त्यांचं शेवटचं मोठं काम होतं म्हणे. घरात ठेवायला एक प्रत पाठवशील का गं?"

काल पोस्टात टाकली. शेवटचं पान तसंच गेलं.