पहिल्या फेरीतलं अभिनंदन

परवा शुक्रवारी मुदत संपते आणि कस्तुरी नाव देणार नाही, ही काळजी काही केल्या डोक्यातून जात नाही. तिची घरमालकीण नोरा हिचा सोमवारी मेसेज आला. त्यांच्या गावच्या कौन्सिलमधले, म्हणजे तिकडच्या नगरपालिकेतले, एक वयस्कर सभासद आजारपणामुळे बाजूला झाले आहेत. त्यांच्या जागी कोण, हे निवडणूक न घेता त्यांच्या आणि कस्तुरीच्या पक्षाचे तिथले लोक ठरवणार आहेत, आणि सगळे कस्तुरीचंच नाव घेताहेत. तीच म्हणते, "आईला आवडणार नाही."

कस्तुरी आमची एकुलती एक. इथे कॅनडात, मिसिसागात वाढली, फिजिओथेरपी शिकायला आयर्लंडला गेली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात राहिली. ती काम करायची त्या वृद्धाश्रमात भेटायला येणाऱ्या म्हाताऱ्या बायका पावसात पाऊण तास चालत यायच्या. तिने बससाठी अर्जांवर अर्ज केले. दोन वर्षांनी बस सुरू झाली आणि पुढच्या निवडणुकीत लोकांनी तिलाच कौन्सिलवर पाठवलं.

पाच वर्षं ती कौन्सिलर होती. गावात कुणी गेलं की कौन्सिलरने त्या घरी जायचं, चार माणसांत बसायचं, अशी तिकडची रीत. मी फोनवर विचारायचे, "जेवलीस का?"

"हो आई, फ्युनरलला सँडविचेस होती."

एकदा मी म्हणाले, "परक्यांच्या मयतीला वेळ आहे. आजोबांच्या वेळी मात्र तुला रजा मिळाली नाही." मी बोलायला नको होतं.

मग दुसरी निवडणूक आली. तिकडे मतदार नुसता एक शिक्का मारत नाहीत, उमेदवारांना पसंतीचे क्रमांक देतात. जो बाद होतो त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात, आणि मोजणीच्या फेऱ्या दोन-दोन दिवस चालतात. हे कस्तुरीने मला एकदा समजावलं होतं. मी भाजी चिरत होते, नुसती हो हो म्हणत राहिले.

जागा पाच होत्या. शनिवारी मी इंटरनेटवर पाहिलं, कस्तुरी चौथी.

माझा नवरा शैलेंद्र म्हणाला, "अगं, ही पहिलीच फेरी आहे. थांब जरा."

"तुला कधी कशाचा आनंद होतो का रे?" असं म्हणून मी मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, आमची कस्तुरी पुन्हा निवडून आली. मंडळाचे सेक्रेटरी हेमचंद्र उत्साही. त्यांनी ते तिच्या फेसबुक पानावर चढवलं. ती मोजणीच्या हॉलमध्ये उभी होती, आणि तिच्या पानावर एटोबिकोपासून बर्नाबीपर्यंत कॅनडाभरातली अभिनंदनं येऊन पडत होती. विरोधी पक्षाचा कुणीतरी मोठ्याने म्हणाला, "कॅनडात तर ही केव्हाच जिंकली." सगळा हॉल हसला. हे नोराने मला नंतर सांगितलं.

दहाव्या फेरीत कस्तुरी एकोणीस मतांनी पडली.

फोन तिनेच केला. "आई, ती पोस्ट काढायला सांग ना, प्लीज."

मी माफी मागायला हवी होती. मी म्हणाले, "जाऊ दे, बरंच झालं. आता परत ये. बेसमेंट रिकामंच आहे."

ती म्हणाली, "ओके, आई. मला जायचंय, इथे खुर्च्या उचलायच्यात."

तेव्हापासून ती दर रविवारी न चुकता फोन करते आणि हवेवर बोलते. तुमच्याकडे किती स्नो, आमच्याकडे किती पाऊस. कौन्सिलचं नाव काढत नाही. मी मनात म्हणायचे, सुटली एकदाची. तिला ते काम किती हवं होतं, हे मी कधी विचारलंच नाही. नोराला मात्र माहीत होतं.

ती परत यावी असं मला आजही वाटतं. नाव दिलं तर ती येणार नाही, तेही कळतंय. पण नाही म्हणायचं तर तिने स्वतःसाठी म्हणावं, माझ्यासाठी नको.

इथे रात्रीचा दीड वाजलाय, म्हणजे तिकडे सकाळचे साडेसहा. सातला ती कामावर निघते. रविवारपर्यंत थांबले तर मुदत टळून जाईल. आधी त्या दिवसाची माफी मागायची, मग म्हणायचं, नाव दे. मध्ये रडू आलं तर येऊ दे. वही मिटते आणि तिला फोन लावते.