कूलरचं बटन

हे मी कोणाजवळ बोललो नाही—बायकोजवळही नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पाचपावलीच्या वस्तीत आमची एकच खोली, वर टिनाचे पत्रे. उन्हाळ्यात दुपारी आत पाठ टेकवत नसे. त्याच खोलीत मोठी बहीण, कमलताई, बिड्या वळायची आणि मी अभ्यास करायचो. माझी फी तिच्या बोटांतून निघाली. ते काय लपवायचं?

बी.एस्सी. झालो, आणि रामदासपेठेतल्या एका बंगल्यातून भंगारात निघालेला कूलर आणला. बाबा म्हणाले, वायरमनला बोलवू. मला राग आला—शिकलेला पोरगा घरात असताना वायरमन? तारा मीच जोडल्या. पंखा फिरला, खसचा वास सुटला, मोहल्ला बघायला आला. ताईला बजावलं, पाणी टाकायच्या आधी बटन बंद करायचं.

आठवडाही झाला नसेल. ती बादली घेऊन गेली आणि कूलरला चिकटली. मी मेन स्विच खेचला. वाचली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र पुन्हा मिटली नाहीत. बिडीचं काम सुटलं.

दवाखान्यातून आली तेव्हा म्हणाली, "म्या बंद केलं होतं गा बटन."

"नसन केलं, ताई. इसरली असशीन."

खरं सांगू? सगळे तिला दवाखान्यात घेऊन धावले, मी मागे राहिलो. कूलर उघडला. बटन मी चुकीच्या तारेवर बसवलं होतं—बंद केलं की पंखा थांबायचा, करंट आतच राहायचा. एक उघडा जोड कूलरच्या टिनाला टेकला होता. मी तारा बदलल्या, जोडावर पट्टी गुंडाळली, झाकण लावलं.

शेजारणी म्हणायच्या, "काहून वं कमल, भाऊ येवढा शिकला, अन् तुले साधं बटन समजत नाही?" ती आधी भांडायची. मग हसायला लागली. मग स्वतःच सांगायला लागली—इसरलीच असन म्या.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी हायस्कुलात विज्ञान शिकवलं. विजेचा धडा दरवर्षी यायचा. ताई अजूनही आमच्याकडे येते, जायला निघते, आणि फाटकापासून परत फिरते—बटन पाहायला. पोरं हसतात. मीही हसतो.

घरातला पहिला पदवीधर मी झालो.

बटन तिनं बंद केलं होतं.