कारणाचा रकाना

भूमितीची सिद्धता लिहिताना पानाच्या मधोमध एक उभी रेघ ओढावी लागते. डावीकडे विधान, उजवीकडे कारण. अमरावतीच्या एका शाळेत मी एकतीस वर्षे गणित शिकवले, आणि शिक्षक कमी पडत तेव्हा मराठीचे व्याकरणही. या साऱ्या काळात उजवा रकाना रिकामा ठेवणाऱ्या कोणालाही मी पूर्ण गुण दिले नाहीत. विधान बरोबर असले तरी कारण नसेल, तर मी फळ्याकडे बोट दाखवून एकच शब्द विचारत असे : ‘काहून?’ वर्गात प्रमाण मराठी बोलण्याचा माझा कटाक्ष होता. तरी ‘का’च्या जागी आमच्या वऱ्हाडातला हा ‘काहून’ तोंडात राहिला तो राहिलाच. मुले माझ्या मागे मला ‘काहूनबाई’ म्हणत. ते नाव मला आवडत असे, कारण ते अचूक होते.

घरीही मी तोच शब्द वापरत होते. त्याने घरात काय होत होते, हे मला निवृत्तीनंतर कळले. ते कसे कळले, ते क्रमाने सांगते.

माझे पती अकोल्याला बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. ओल्या कागदावर दाणे ओळीने मांडायचे, कागदाची गुंडाळी करून ठेवायची आणि ठरल्या दिवशी ती उलगडून किती दाणे उगवले ते पाहायचे, हे त्यांचे काम. जो उगवला नाही त्याला ते जाब विचारत नसत. फक्त नोंद करत. माझी नोकरी अमरावतीत, त्यांची अकोल्यात, आणि बदली दोघांनाही मिळाली नाही. म्हणून लग्नानंतरची सगळी वर्षे अकोल्यात त्यांची भाड्याची एक खोली राहिली. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने ते येत, सोमवारी पहिल्या गाडीने जात. येताना पिशवीत भरताची वांगी असत, हंगामात संत्री. पिशवी दाराजवळच्या खिळ्याला अडकवून ते म्हणत, “बाई, हजेरी घ्या.” शेजारीण मला चिडवायची, “तुमचं बरं हाय, दीड दिवसाचा नवरा!” मला त्यात चिडण्यासारखे काही दिसत नसे. दीड दिवस हा सुखाने संपूर्ण भरून निघेल असा काळ असतो.

माझ्यानंतर वर्षभराने तेही निवृत्त झाले आणि कायमचे घरी आले.

माझ्या स्वयंपाकघरातले डबे वर्णमालेच्या क्रमाने लावलेले असतात : ओवा, कारळ, खसखस, गूळ, जवस, तीळ, धने. एका सकाळी खसखशीच्या जागी मला मीठ दिसले. मीठ, हळद आणि तिखट त्यांनी पुढच्या ओळीत आणून ठेवले होते. मी विचारले, “काहून?” मला खरोखर जाणून घ्यायचे होते. नव्या रचनेमागे काही तत्त्व असेल, तर ते तपासून पाहण्याची माझी तयारी होती. त्यांच्या हातातला डबा तसाच राहिला. चेहऱ्यावर काहीच उरले नाही. उत्तर आले नाही, म्हणून मी पुन्हा विचारले, थोडे मोठ्याने, वर्गात विचारते तसे. त्यांनी डबा खाली ठेवला, चपला घातल्या आणि ते बाहेर निघून गेले.

मग उशीची बाजू बदलली म्हणून, फाटकाची कडी उलटी लावली म्हणून, पेपर मागच्या पानापासून वाचला म्हणून हेच होत राहिले. मी कारण विचारायची, ते चपला घालायचे. चौथ्या महिन्यात त्यांनी पिशवी खिळ्यावरून काढली. “चार दिवस अकोल्याले जाऊन येतो.” खोली अजून सोडलेली नव्हती. चार दिवसांचे पाच आठवडे झाले. मी फोनवर विचारले, “केव्हा येता?” “पाहू.” “काहून, पाहू काहून?” त्यांनी फोन ठेवला.

नागपूरला असलेल्या आमच्या मुलीला मी सर्व हकीकत सांगितली. ती म्हणाली, “आई, आता कृपा करून परत फोन करून ‘काहून’ विचारू नको. बाबा घरमालकाला विचारून राहिले, खोली पुढेही ठेवता येईल का म्हणून. तुम्ही दोघं एका बाईंकडे जा. नंबर देते.” तेव्हा मला कळले, की माझ्यापुढचे साध्य एकच आहे : हा माणूस घरी परत येणार की नाही.

त्या समुपदेशक बाई अकोल्यातच होत्या, आमच्या मुलीच्याच वयाच्या. खाली त्यांच्या वडिलांचे शिलाई मशीन दुरुस्त करण्याचे दुकान, वर त्यांची खोली. घरात हिंदी-उर्दू, बाजारात वऱ्हाडी, अशी त्यांची भाषा. भेटीआधी त्यांनी मला फोन केला तो काही प्रश्न विचारायला. “मॅडम, ट्यूबलाईट चालू ठेवू का बंद? आमचा पंखा जरा आवाज करते. खुर्ची भिंतीजवळची पायजे का खिडकीजवळची? आन् बोलताना माझ्याकडं पायलंच पायजे असं काई नाई बरं, आरामशीर बसा.” वर्गातल्या ट्यूबलाइटचा बारीक आवाज मला एकतीस वर्षे ऐकू येत होता. तो सर्वांनाच येतो आणि बाकीचे माझ्याहून सहनशील आहेत, अशी माझी समजूत होती. मी म्हणाले, “बंद ठेवा.”

दर गुरुवारी मी अमरावतीहून जाऊ लागले. माझे पती त्यांच्या खोलीवरून चालत येत. पहिल्याच दिवशी बाईंनी नियम सांगितला. “हितं कोनी काई सांगितलंच पायजे असं नाई. ज्याले थांबाचं असन त्यानं तळहात टेबलावर ठेवाचा. आपन थांबू. कारन मी विचारनार नाई.”

कारण विचारणार नाही, ही शिकवण्याची कोणती पद्धत, असे मला वाटले. पहिल्या तीन गुरुवारी माझ्या पतींचा तळहात बहुतेक वेळ टेबलावरच होता. तास संपत आला तरी धडा पुढे सरकत नसे. परतताना बडनेरा येईपर्यंत मी मनात त्या बाईंच्या अध्यापनातल्या त्रुटी मांडत असे.

चौथ्या गुरुवारी ते खिडकीकडे तोंड करून बोलले. त्यांचे बालपण नांदगाव खंडेश्वरजवळच्या गावात शेतकरी घरात गेले, एवढे मला माहीत होते. “माझे वडील मले नावानं हाक मारतच नव्हते,” ते म्हणाले. “‘काहून?’ एवढंच. काहून उशीर केला, काहून दूध सांडलं. सांगितलं तर उलट बोलते म्हणून मार. नाही सांगितलं तर मुजोर झाला म्हणून मार. मार ठरलेला होता, तो शब्द म्हंजे फक्त घंटा. मंग मी उत्तर शोधनंच सोडून देलं. आताही तो शब्द कानावर आला का डोक्यात काहीच राहत नाही. पाटी कोरी.”

माझ्या जिभेवर त्या क्षणी कोणता शब्द आला, हे वाचकांनी ओळखले असेल. एवढ्याशा मुलाला एखादा माणूस असे काहून मारेल? प्रश्न दयेतून आलेला होता, पण शब्द तोच होता. मी ओठ मिटले आणि माझा तळहात टेबलावर ठेवला.

बाई थांबल्या. खालच्या दुकानात कोणी तरी मशीन चालवून पाहत होते. ते थोडे चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे. माझ्या पतींनी मान वळवून माझ्या हाताकडे पाहिले. आमच्या दोघांचे हात त्या टेबलावर एका वेळी प्रथमच होते.

नंतर मी बाईंना म्हणाले, “म्हणजे दोष माझ्या प्रश्नाचा आहे.”

“दोष कोनाचा नाई, मॅडम. तुमाले कारन लागते. सरांले तो शब्द लागते. दोनी खरं हाय.”

व्याकरणाच्या शिक्षिकेने या वाक्याला उठून दाद द्यायला हवी होती. क्रियापद एकच, लागणे. एकदा गरज, एकदा इजा. दोन्ही वाक्ये शुद्ध. इतकी वर्षे मी दोघांपैकी एकाला लाल रेघ मारत होते, कधी त्यांना, कधी स्वतःला.

माझ्या मेंदूच्या घडणीलाही एक नाव आहे, हे बाईंनी त्यानंतरच्या काही भेटींत, माझी इच्छा विचारून, सांगितले. तपासणी करायची की नाही हे त्यांनी माझ्यावर सोडले. मी केली. “ऑटिझम निघाला,” मी त्यांना कळवले. त्या हसल्या. “निघाला काय, मॅडम, तो तर होताच.” मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. संज्ञा म्हणून मला ती मान्य नाही. मी स्वतःत कधीच मग्न नव्हते. मी डब्यांत मग्न होते.

आता प्रश्न पर्यायी शब्दाचा होता. मी सहा पर्यायांची यादी केली आणि पुढच्या शनिवारी, ते पाहुण्यासारखे दोन दिवस घरी आले असता, चाचणी घेतली. त्यांनी दुधाचे पातेले ओट्याच्या डाव्या टोकाला ठेवले होते.

“हे आपण कोणत्या हेतूने केले?”

“अवं, हे तर कोर्टातलं झालं. आता शपथ घ्याले लावशीन.”

“कशामुळे केले?”

“हे पेपरातलं. दोन गुनाचं.”

“बरं. मी रागावलेली नाही. माहितीसाठी विचारते, पातेलं इथे ठेवलं ते...”

“माहितीचा अधिकार!” ते म्हणाले, आणि इतके हसले की उत्तर राहूनच गेले. पण चपला दाराजवळ होत्या तिथेच राहिल्या. ‘माहितीसाठी’ हा शब्द आम्ही ठेवला.

बाईंनी मला एक गृहपाठही दिला होता. ज्याचे कारण हवे असेल ते वहीत डावीकडे लिहायचे आणि उजवा रकाना रिकामा सोडायचा. शनिवारी माझे पती आले, की आठवले, जमले, तर ते भरतील. नाही तर नाही. रिकाम्या रकान्याकडे पाहत झोपायला मला किती कष्ट पडले हे सांगत नाही. मात्र तिसऱ्या आठवड्यात ‘मीठ पुढे ठेवले’ या विधानासमोर त्यांच्या बारीक अक्षरात कारण उमटले : ‘तू मीठ शोधताना वाकतेस, कंबर धरतेस.’ मी ते चार वेळा वाचले. नंतर, मी परत मागे लावलेले मीठ पुन्हा पुढच्या ओळीत नेले. वर्णमालेला एक अपवाद झाला.

याच सुमारास घरमालकाने त्यांना विचारले, की ठेवता की सोडता. ते मला फोनवर म्हणाले, “खोली ठेवतो म्हनून सांगितलं.” त्यांनी एवढेच सांगितले, आणि मी “बरं” म्हणाले. फोन ठेवल्यावर मी वही उघडली, डावीकडे लिहिले : ‘अकोल्याची खोली ठेवली.’ उभी रेघ नीट दिसावी म्हणून पट्टीने पुन्हा ओढली. मला वाटले होते, की साध्य सिद्ध होत आले आहे. ते तसे नसेल, तर तेही कळायला हवे होते.

शनिवारी ते आले. पिशवी खिळ्याला अडकवली, हात धुतले, वही घेऊन पडवीत बसले. मी आत वांगे भाजत होते, आणि बाहेर जायचे नाही असे मी ठरवले होते. बऱ्याच वेळाने वही ओट्यावर आली. उजवीकडे लिहिले होते : ‘दर बुधवारी जाईन. शनीवारी घरी येता यावं म्हणून.’

मी ते वाचले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. मग डोळे पुसून मी लाल पेन घेतले आणि ‘शनीवारी’मधली दीर्घ वेलांटी काटून ऱ्हस्व केली, कारण चूक ती चूक.

ते मागे दारात उभे होते. “काहून?” ते म्हणाले. “काहून काटलं, बाई?”

हा शब्द त्यांच्या तोंडून मी लग्नानंतर प्रथम प्रश्न म्हणून ऐकला. त्यांच्याही ते लक्षात आले असावे, कारण ते दारातच थबकले. पण चेहरा कोरा झाला नाही. ते उत्तराची वाट पाहत होते.

“सांगते,” मी म्हणाले. “शनी एकटा असला की दीर्घ लिहायचा. समासात आला की ऱ्हस्व.”

“अस्सं,” ते म्हणाले, आणि वांग्याची साल काढायला बसले.