डाव्या गालावरचा हिरवा उजेड

आधीच कबूल करतो — असले अनुभव वाचून हसणाऱ्यांतला मी. धंदाच तसा आहे. आदिलाबादला घरी बसून थ्रीडी ग्राफिक्सचा कोड लिहितो. तिथे उजेडसुद्धा आपण लिहिला तरच पडतो.

गेल्या उन्हाळ्यात बाबा गेले. निवृत्त शिक्षक. नार्नूरच्या रस्त्यावर स्कूटर थांबवून खाली बसले, ॲम्ब्युलन्सवाल्यांना कडेला सापडले... एवढंच आम्हाला कळलं. आई वर्षभर एकच विचारायची, "उनात पडून होते का रे ते? एकटेच?" या प्रश्नाने तिची झोप उडाली होती.

वर्ष झाल्यावर बाबांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात दाखवायला मी फोटोंवरून त्यांचा चेहरा थ्रीडीत केला. लाइट एकच, उजवीकडून, पांढरा. पण डावा गाल हिरवट दिसत होता. वाटलं, फोटोतला रंग उतरला असेल. चेहऱ्यावर चढवलेला फोटो हटवून सगळा चेहरा राखाडी केला. गाल हिरवाच. मग लाइट शून्य केला. आता पडदा काळाकुट्ट व्हायला हवा होता... झालाही. फक्त तो गाल दिसत राहिला, हिरवा, आणि त्यावर बारीक चौकडी. भरदुपारी, कूलरसमोर बसून मला घाम फुटला.

आई मागे कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही. ती पूर्वी शेतात मजुरीला जायची. बराच वेळ बघून म्हणाली, "हा उजेड मिरचीच्या रोपांवरल्या जाळीतला हाये. मी काम केलं त्याच्याखाली."

मी वैतागलो, पण आईला घेऊन नार्नूरच्या रस्त्याला गाडी काढली. बाबा सापडले तिथून शंभरेक पावलांवर, झाडीमागे, हिरव्या जाळीची रोपवाटिका निघाली. आईने फोटो दाखवताच तिथली बाई रडायलाच लागली.

"उनात नोयते बाई ते. आमी त्याईले इथं जाळीखाली आनलं. डोकं माह्या मांडीवर होतं. दोन घोट पानी पेले."

ॲम्ब्युलन्सला फोनही तिनेच केला होता. पण पोलीस चौकशीत अडकवतील या भीतीने गाडीचा आवाज येताच बाबांना कडेला नेऊन ठेवलं आणि सगळे आत पळाले. मला भयंकर राग आला. आईने मात्र तिचे दोन्ही हात धरले, ते सोडेचना.

घरी येऊन कोड तीनदा वाचला. मित्राकडूनही तपासून घेतला. लाइट शून्य केला की आता पडदा पूर्ण काळा होतो. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. कोणाकडे असेल तर जरूर लिहा... आईला मात्र ते नकोय. त्या दिवशी ती जेवून आडवी झाली आणि वर्षभरात पहिल्यांदा सलग झोपली.