सुशीला सारीजचा स्थिर उजेड

मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट आहे. वडगावात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, कारण ती मीच सगळ्यांना सांगितली आहे.

आमच्या घरात आप्पांचे तीन पॉवरलूम आहेत आणि आई तीस वर्षं मागासाठी सुताच्या कांड्या भरते. साड्या आमच्या, पण त्यांच्यावर लेबल कायम व्यापाऱ्याचं. म्हणून पुढच्या खोलीत आम्ही स्वतःचं दुकान काढलं, तेव्हा आई एकदाच बोलली, "माझं नाव लाव रं. आणि लाइटचं लाव. लांबनं दिसलं पायजे."

झालं! 'सुशीला सारीज' असा आतून उजळणारा बोर्ड केला. वर मोठं कन्नड, खाली मराठी (तो नियम आमच्या सीमाभागात शेंबड्या पोरालासुद्धा पाठ असतो). पेंटरनं आपल्या मनानं आईचा फोटोही टाकला, तोही आधार कार्डावरचा. त्या फोटोत आई अशी दिसते की बघणाऱ्याला आधी तिचं सांत्वन करावंसं वाटतं.

चौथ्या दिवशी नोटीस आली. विनापरवाना प्रकाशित फलक!

माझं डोकं सणकलं. चौकात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स दोन खांबांना बांधलाय, त्याच्याभोवती लाल-हिरव्या दिव्यांची माळ रात्रंदिवस नाचतीय, त्याच्यामुळं सिग्नल दिसत नाही, त्याला नोटीस नाही! आणि माझ्या आईचं नाव बेकायदेशीर?

त्या ऑफिसात गेलो (कुठलं ते लिहीत नाही, माझा एक कागद अजून तिथं आहे). तिथं समजलं की बोर्डाचा अर्ज पहिल्या मजल्यावर आणि बोर्डातल्या उजेडाचा दुसऱ्या! खालचे म्हणायचे, "आधी लाइटचं करून या." वरचे म्हणायचे, "बोर्डच न्हाय तर लाइट कशाचा?" मी पायऱ्या चढून चढून वजन कमी केलं. शेवटी ओरडलो, "मी ग्रॅज्युएट आहे!" तर शिपाई म्हणाला, "असू दे, असू दे. बसा तिकडं."

अखेर तिथले साहेब पाहणीला आले. वर मान करून बराच वेळ बघत राहिले.

"लुकलुकतंय."

"न्हाय साहेब, साधा लाइट आहे. एकदम स्थिर."

"लुकलुकणारा उजेड चालत न्हाय. नियम आहे. रस्त्यावरच्या गाडीवाल्याचं लक्ष जातंय."

आमच्या गल्लीत गाडी शिरली तर ती रिव्हर्समध्येच बाहेर निघते, पण ते असो. मी वर बघितलं. बोर्ड खरंच लुकलुकत होता! गल्लीतल्या सगळ्या घरांत माग, सगळ्यांची वीज एकाच डीपीवरनं. माग सुरू झाले की व्होल्टेज नाचतं, आणि 'सुशीला सारीज' मागाच्या ठेक्यावर डोळे मिचकावतंय. खटाक, सुशीला. खटाक, अंधार.

"सोमवारी धाला परत येतो," साहेब म्हणाले. "स्थिर दिसला तर परवानगी. न्हायतर मंगळवारी बोर्ड खाली."

आईनं सगळं ऐकलं. मग कट्ट्यावर चढून पदरानं बोर्डाची खालची कड पुसली. तेव्हाच मी ठरवलं, सोमवारी गल्ली बंद!

घरोघर फिरून हात जोडले, "धा ते अकरा माग थांबवा." समोरचे बाळाप्पा अण्णा कधी कुणाचं ऐकत नाहीत, पण तेही म्हणाले, "वैनींच्या नावासाठी थांबवतो. तुझ्यासाठी न्हाय."

सोमवारी दहाला सगळ्या गल्लीनं बटणं बंद केली. बोर्ड असा स्थिर झाला की डोळ्यांत पाणी आलं. आप्पांनी शुभ म्हणून त्याला झेंडूचा हार घातला. आई परवानगीसाठी नारळ फोडायला देवळात गेली. साहेब मात्र आले नाहीत. साडेदहा झाले, अकरा झाले, तरी गल्लीनं माग बंदच ठेवले.

आता माझी हुशारी सांगतो. वडगावात सगळे माग एकदम कधी थांबतात? कुणी गेलं तर! ही रीत मला पाळण्यातल्यापासून माहीत आहे. पण मी सांगितलं फक्त आमच्या गल्लीला. मागच्या गल्लीला नाही, पुढच्या गल्लीला नाही.

सव्वाअकराला पहिली चार माणसं डोक्याला टॉवेल गुंडाळून आली. त्यांनी बोर्ड बघितला. आईचा तो फोटो, वर हार, मागनं उजेड. खाली आप्पा कट्ट्यावर डोकं धरून बसलेले (माग बंद असला की आप्पांना हातांचं काय करायचं तेच कळत नाही).

"अरारा! वैनी गेल्या व्हय?"

"कुणी गेलेलं न्हाय!" मी ओरडलो. "बोर्डाची पाहणी आहे!"

"धक्का बसलाय लेकराला," एक म्हातारा म्हणाला आणि माझ्या पाठीवरनं हात फिरवायला लागला.

मी जितका जोरात ओरडेन, तितके जास्त हात पाठीवरनं फिरायला लागले! बायका येऊन ओळीनं बसल्या. कुणीतरी बांबूसाठी सायकलवर माणूस पाठवला. तेवढ्यात बाळाप्पा अण्णा बाहेर आले.

"कोण गेलं रं?"

"अण्णा! माग तुम्हीच बंद केलासा की!"

"मी बोर्डासाठी केला. पण एवढी माणसं बोर्डासाठी येतात व्हय? म्हणजे खरंच कोणतरी गेलंय!" असं म्हणून अण्णा टॉवेल आणायला आत गेले.

साडेबाराला निपाणीहून मामा आला. कुणी फोन केला ते अजून कुणी कबूल करत नाही. गाडीतनं उतरतानाच त्यानं हंबरडा फोडला, "आक्काऽऽ!" मी त्याचा खांदा धरून हलवला, "मामा, आई देवळात गेलीय!" तर तो आणखी जोरात, "व्हय रं बाबा, देवाकडंच गेली!"

आणि नेमके तेव्हा साहेब आले.

त्यांनी गर्दी बघितली. चपला काढल्या. बोर्डाकडं बघून हात जोडले. मग खिशातनं कागद काढला आणि हळू आवाजात म्हणाले, "वेळ बरोबर न्हाय, पण ड्युटी आहे. लाइट स्थिर आहे."

"स्थिर आहे ना? मग लिहा तसं! आत्ताच्या आत्ता लिहा!" मी संतापानं ओरडलो.

"शांत व्हा, शांत व्हा," म्हणत त्यांनी भराभर लिहिलं. "इथं सही करा."

एका हातानं मामाला ढकलत मी दुसऱ्या हातानं झोकात सही केली. शेजारी बी.कॉम. असंही लिहिलं. साहेब पुन्हा नमस्कार करून गेले.

कागद खिशात घालून वळलो, तर बायकांच्या शेवटच्या ओळीत आई! हातात नारळाची वाटी, पदर तोंडाला, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं रडतीय. मामानं मान वर केली आणि त्याचा हंबरडा अर्ध्यातच थांबला.

"आक्का... तू कशाला रडायलीस?"

"तू रडायलास म्हणून! आपल्यातलं कोण गेलं रं?"

पुढचा अर्धा तास मी सांगत नाही. बांबू परत पाठवले एवढंच सांगतो.

संध्याकाळी माग सुरू झाले, बोर्ड पुन्हा मिचकावायला लागला, पण मला पर्वा नव्हती. आईनं विचारलं, "कागदावर काय लिवलंय?" मी न उघडताच सांगितलं, "परवानगी!" आणि तो देव्हाऱ्यात ठेवला. आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं.

दोन आठवड्यांनी दोन माणसं शिडी घेऊन आली. एक वर चढलासुद्धा!

"खाली उतर! परवानगी आहे आमच्याकडं!" मी देव्हाऱ्यातनं कागद आणून त्याच्या तोंडासमोर नाचवला. खालच्यानं तो घेऊन वाचला. "तात्पुरता श्रद्धांजली फलक. उजेड स्थिर. तेराव्यानंतर काढून घेणे. सही, मयताचा मुलगा, बी.कॉम."

गल्लीत माग चालू होते. तरी मला एकदम सगळं शांत झाल्यासारखं वाटलं.

आई ओरडली नाही. शांतपणे गेली आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. वरचा माणूस वरच!

"बाई, उठा की. तुमी कोण?"

"बोर्डावरची."

त्यानं फोटो बघितला, आईला बघितलं, परत फोटो बघितला.

"मी मेल्याचा दाखला आण, मग काढ बोर्ड," आई म्हणाली. "तवर बस वरच."

तासाभरात साहेब स्वतः आले. आईनं त्यांना बसवून चहा दिला. मेलेल्या बाईच्या हातचा चहा त्यांनी दोन घोटांत संपवला आणि म्हणाले, "नवा अर्ज द्या. सोमवारी परत पाहणी." या वेळी अर्जावर अंगठा आईचा. माझी सही नको म्हणून तिनं निक्षून सांगितलं.

पण मी शहाणा झालो होतो! सोमवारी सकाळीच गल्लीच्या तोंडाशी मी मोठ्या अक्षरांत पाटी टांगली, 'आज माग बंद आहेत. कुणीही गेलेलं नाही.' ती लांबनं दिसावी म्हणून वर एक बल्बही लावला.

माणसं आली नाहीत. साहेब दहाच्या ठोक्याला आले. बोर्ड स्थिर होता आणि आईला कायमची परवानगी मिळाली. माग चालू असताना आता तुमच्या गल्लीत फिरकणार न्हाय, असं साहेब स्वतःच म्हणाले. आज 'सुशीला सारीज' दिमाखात डोळे मिचकावतंय.

जाताना साहेबांनी गल्लीच्या तोंडाशी थांबून आणखी एक कागद लिहिला आणि माझ्या हातात दिला. विनापरवाना प्रकाशित फलक! आईनं तो मला मोठ्यानं वाचायला लावला. दोनदा.